आभाराचा लांब शब्द

ग्युमरीत मार्च संपला तरी बर्फ जात नाही,
गल्लीच्या कडेला काळा होऊन बसून राहतो.
सकाळी डेलमार बुटांशी झगडतो
आणि मी खिडकीतून उगाच बाहेर बघते,
मदत करायला उभी आहे असं त्याला वाटू नये म्हणून.
बहात्तर वर्षं. एक गुडघा नवा, एक जुना.
छातीवर नावाची पट्टी, इथल्या लिपीत,
सात महिने झाले तरी मला ती
घोड्यांच्या नालांची रांगच वाटते.

आयडाहोत आम्ही चाळीस हंगाम बटाटे काढले.
तिथे काय पिकवताय, मुलगा फोनवर विचारतो.
तिकडे रात्र असते, त्याच्या आवाजात
झोप असते, आणि झोपेखाली आणखी काहीतरी.

सोमवारी पाच व्हीलचेअर पोचवल्या.
म्हाताऱ्या वार्दगेसने चाक फिरवून पाहिलं,
बैल घेताना दात बघावेत तसं,
मग खुर्चीत जळणाची मोळी ठेवली,
नातवाला म्हणाला, ढकल,
आणि स्वतः कुबडीवर शेजारून चालत निघाला.
फॉर्मवर प्रश्न होता: लाभार्थी समाधानी आहे का?
डेलमारने बराच वेळ पेन चावलं. हो, लिहिलं.
बसलं कोण, हा रकाना फॉर्मवर नव्हताच.

इंग्रजीच्या वर्गात न्वार्द विचारते,
तुमच्या गावात नर्सला पगार किती?
सगळे जायचं म्हणून शिकतात.
आम्ही तेवढे आलो.

बुधवार कुठे गेला आठवत नाही. पाइप फुटला होता बहुतेक.

शनिवारी सुट्टी. सेवान तळं.
न्वार्द दुभाषी म्हणून, आणि घरमालकीण ह्रिप्सिमे
उकडलेली अंडी आणि तीन शाली घेऊन.
वाऱ्याने डेलमारची टोपी उचलली, थेट पाण्यात,
आणि तो हसला.
शेत विकल्यापासून असा हसला नव्हता.
मी मोजत नव्हते, पण माहीत होतं.

मठाच्या पायऱ्यांवर त्याचा जुना गुडघा दुमडला.
मी पोचायच्या आत ह्रिप्सिमेचा हात त्याच्या कोपराखाली,
"त्सावत तानेम," ती म्हणाली.
न्वार्दने सांगितलं: तुझं दुखणं मी घेते.
मी म्हटलं, एवढं मोठं? नुसती ठेच आहे.
न्वार्द म्हणाली, हे आम्ही पाववाल्यालाही म्हणतो. मांजरालाही.

ह्रिप्सिमेची मुलगी भूकंपात शाळेखाली गेली.
हे तिने कधी सांगितलं नाही,
एका फोटोवरची धूळ ती ज्या बोटाने पुसते
त्या बोटाने मला सांगितलं.

परतताना गाडीत सगळे झोपले.
मी जागी. मांडीवर आमची पत्रकं, छान छापलेली:
सगळ्यांचं दुखणं ज्याने घेतलं त्याच्याबद्दल.
सातासमुद्रांपार ती वाटायला आलो
आणि इथे ते वाक्य
पावाबरोबर सुट्टे पैसे द्यावेत तसं देतात.
मला राग आला की हायसं वाटलं,
अजून नक्की नाही.

रविवारी सभेला अकरा माणसं, एक खोकणारा हीटर.
बोलायची पाळी माझी. कागद पर्समध्येच राहिला.
मी फक्त तो शब्द म्हणायचं ठरवलं,
आभाराचा, इतका लांब
की म्हणून होईतो समोरचा दार लावून घेतो:
श्नोर्हा... कालु...
मधेच जीभ अडकली.
मागच्या बाकावरून ह्रिप्सिमेने शेपूट जोडून दिलं.
ती आमच्या पंथाची नाही.
हीटरसाठी येते, असं तीच सांगते.

बाहेर आलो तर दारात वार्दगेसची खुर्ची,
चाकांना चिखल, आसनावर अर्धी मोळी.
आजूबाजूला कुणीच नाही.
आमच्यासाठी ठेवली की विसरून गेला,
न्वार्दलाही सांगता येईना.
डेलमार वाकला, एका हाताने गुडघा धरून,
आणि वरचं एक लाकूड
पडू नये म्हणून नीट सरकवून ठेवलं.